नात्याची नोंद कोणाच्या दप्तरी?

बँकेसारख्या मोठ्या संस्थेची माहिती संगणकात जेथे कायमची जतन होते, तेथे बहुधा केवळ तक्ते असतात. आडव्या ओळी आणि उभे रकाने यांखेरीज अन्य रचना त्या दप्तराला मंजूर नसते. आयबीएमचे संशोधक एडगर कॉड यांनी 1970 साली मांडलेल्या ज्या सिद्धान्तावर ही व्यवस्था उभी आहे, त्याचे सामर्थ्य या साधेपणातच आहे. याउलट, 1995 साली सन मायक्रोसिस्टिम्सने प्रसिद्ध केलेल्या जावा भाषेत लिहिणारा प्रोग्रॅमर ‘ग्राहक’ आणि ‘खाते’ अशा स्वतंत्र वस्तू कल्पितो, आणि ग्राहकाच्या स्वाधीन त्याच्या सर्व खात्यांची यादी करतो.

तक्त्याच्या एका रकान्यात ही यादी मावत नाही. म्हणून ग्राहकाची खाती कितीही असोत, त्या नात्याची नोंद ग्राहकाच्या ओळीत न होता प्रत्येक खात्याच्या ओळीत, ग्राहक-क्रमांकाच्या रूपाने होते. वस्तूंच्या जगात मात्र ग्राहकाला खाते ठाऊक असते आणि खात्याला ग्राहक. मग दोघांच्या कैफियती जुळल्या नाहीत, तर प्रमाण कोणाची मानावयाची? वस्तू आणि तक्ते यांची सांगड घालणाऱ्या, गॅव्हिन किंग यांच्या ‘हायबरनेट’ या साधनाचा अनुभव जमेस धरून 2006 साली सिद्ध झालेल्या ‘जावा पर्सिस्टन्स एपीआय’ या मानकाने निःसंदिग्ध निवाडा दिला, की एक बाजू नात्याची मालक आणि दुसरी केवळ तिचे प्रतिबिंब. ग्राहक-क्रमांक खात्याच्या ओळीत असल्याने येथे मालक खाते; प्रतिबिंबाच्या, म्हणजे ग्राहकाच्या, बाजूस ‘मॅप्ड-बाय’ असे लिहावयाचे. ते राहून गेले, तर एकच नाते दोन समजले जाऊन त्यासाठी दोहोंचे क्रमांक जोडीने नोंदविणारा एक अनावश्यक जोडतक्ता गृहीत धरला जातो. आणि ग्राहकाच्या यादीत नवे खाते घातले, पण त्या खात्यावर ग्राहक चढविला नाही, तर प्रोग्रॅमच्या स्मृतीत सारे यथास्थित दिसते, खातेही जतन होते, परंतु दप्तरात ग्राहकाचा रकाना रिकामा राहतो, आणि तो तसा चालत असेल तर तक्रारीचा एक शब्दही उमटत नाही. माझ्या मते नवशिक्यास या विद्येतील पहिला पाठ हाच द्यावा.

संयुक्त खात्याला ग्राहक अनेक, ग्राहकाला खातीही अनेक. तेथे जोडतक्ता खरोखरच हवा.

दुसरा धोका वाचनाचा. संबंधित खाती मागितल्यावाचून आणू नयेत, हा या मानकाचा स्वाभाविक रिवाज असल्यामुळे शंभर ग्राहकांची यादी छापताना एक प्रश्न ग्राहकांसाठी आणि पुढे प्रत्येकाच्या खात्यांसाठी एकेक, असे एकशे एक प्रश्न दप्तराला विचारले जाऊ शकतात. ‘जॉइन फेच’ने दोन्ही तक्ते आरंभीच जोडून मागविले, की तेच काम एका प्रश्नात होते.