चाळीस प्रश्न, एक होकायंत्र

विमान चालवायला शिकणाऱ्याला लेखी परीक्षा म्हणजे मधली कटकट वाटते. त्याला हवेत जायचं असतं आणि समोर येतात नियम, तक्ते आणि नकाशे. माझं उलटं झालं. मला त्या पेपराचंच वेड लागलं. ओहायोतल्या आमच्या मराठी मंडळात कुणी ‘स्पोर्ट पायलट व्हायचंय’ म्हणालं की मंडळी त्याला आमच्याकडे धाडतात, आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशे पसरले जातात. चहा त्यांच्यावर सांडू नये म्हणून कप खिडकीत ठेवायचे, हा आमच्या घरचा नियम.

पार्श्वभूमी आटपून टाकतो. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक खात्याने २००४ मध्ये स्पोर्ट पायलट हा परवाना आणला. छोटं, दोन आसनांचं, ६०० किलोपर्यंत वजनाचं विमान, दिवसाउजेडी, एकच सोबती, आणि भाडं घेऊन कुणाला न्यायचं नाही. कमीत कमी २० तासांचं उड्डाण, त्यात १५ तास शिक्षकाबरोबर आणि ५ तास एकट्याने. २०२५ च्या ऑक्टोबरात नियम बरेच सैलावले. आता चार आसनांचं सेस्ना १७२ सुद्धा या परवान्यावर चालवता येतं. सोबती मात्र अजून एकच.

आमच्या पिढीतल्या लोकांना या परवान्याची ओढ वाटते, त्याचं खरं कारण वैद्यकीय तपासणी. इथे एफएएच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागत नाही, मोटारीचा वैध परवाना पुरतो. रक्तदाब आणि साखर सांभाळत पन्नाशी ओलांडलेल्या इंजिनियरला हे केवढं वाटतं, ते मी पाहिलं आहे. पण यात एक मेख आहे. तुम्ही आधी हौसेने वैद्यकीय प्रमाणपत्राला अर्ज केलात आणि तो नाकारला गेला, तर मोटारीच्या परवान्याची सवलतही जाते. म्हणून कुणी घाईघाईने डॉक्टरकडे निघाला की मी त्याला आधी खाली बसवतो. जे अजून अमेरिकेचे नागरिक नाहीत, त्यांना प्रत्यक्ष उड्डाणाचे धडे सुरू करण्याआधी टीएसए या वाहतूक सुरक्षा खात्याची मंजुरी घ्यावी लागते. त्या काळात लेखीचा अभ्यास करायला मोकळा वेळ मिळतो.

पेपर दिसायला अगदी साधा. ४० प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्याय, वेळ दोन तास, पास व्हायला ७० टक्के. म्हणजे २८ उत्तरं बरोबर आली की झालं. वयाची १५ वर्षं पूर्ण झालेली हवीत आणि ‘याची तयारी झाली आहे’ अशी शिक्षकाची सही हवी. परीक्षा संगणकावर. सोबत आकृत्यांची आणि नकाशांची एक पुस्तिका देतात. त्या पुस्तिकेत नकाशावरच्या खुणांची सूचीही छापलेली असते, हे पुष्कळांना आयत्या वेळी कळतं. प्रत्येक चिन्ह पाठ करत बसलेल्यांची मला दया येते. सूची शोधायची कुठे, एवढं माहीत असलं की पुरे.

पाठांतरावरून आठवलं. एकेकाळी एफएएचे प्रश्न उत्तरांसकट छापून मिळत. ते आता बंद झालंय, पण तसल्या प्रश्नांचे संच अजून विकले जातात आणि लोक ते घोकतात. मंडळातल्या एका काकांनी असाच सपाटा लावला होता. प्रश्न अर्धा वाचला की ‘बी’ म्हणून मोकळे. मी आकड्यांची जागा बदलून तोच प्रश्न पुढे ठेवला, तरी ‘बी’. काका रागावले, दोन आठवडे फिरकले नाहीत. मग एका रविवारी स्वतःच आले आणि म्हणाले, ‘चला, पहिल्यापासून सांगा. पण अक्षांश-रेखांशापासून नको.’ मी नेमकी तिथूनच सुरुवात केली.

कारण आपली गोची तिथेच होते. शाळेत आपण भारताचा नकाशा शिकलो. पुण्याहून नागपूरकडे, म्हणजे उजवीकडे जाताना रेखांश ७३ वरून ७९ पर्यंत वाढत जातात. ही सवय हाडात मुरलेली असते. अमेरिकेचे रेखांश पश्चिमेचे. तिथे आकडा डावीकडे वाढतो. आमचं डेटन ८४ वर, तर त्याच्या पश्चिमेचं शिकागो ८७ वर. ‘अमुक विमानतळाचे अक्षांश-रेखांश कोणते?’ या प्रश्नाला दिलेल्या पर्यायांत उलट्या बाजूने मोजलेलं उत्तर हमखास असतं. अमेरिकन मुलंही त्यात फसतात. आपण दुप्पट फसतो. ज्या नकाशावर हे मोजायचं तो मात्र देखणा असतो. प्रमाण ५ लाखांस १, दर ५६ दिवसांनी नवा. ज्या विमानतळावर कंट्रोल टॉवर आहे तो निळा, नाही तो किरमिजी. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, त्यामुळे पट्टी हरवली तरी नकाशाच्या उभ्या रेषेवरच अंतर मोजता येतं.

त्याच नकाशावरून किरमिजी तुटक रेषा तिरप्या जातात आणि त्यांच्यावर अंशांचे आकडे असतात. माझं वेड खरं म्हणजे त्या रेषांचं. होकायंत्राची उत्तर आणि नकाशावरची उत्तर यांत किती अंशांचा फरक आहे, ते या रेषा सांगतात. वैमानिक त्याला व्हेरिएशन म्हणतात. मेन राज्यात हा फरक सुमारे १५ अंश पश्चिमेला, सिॲटलला जवळपास तितकाच पूर्वेला, आमच्या डेटनला सहाएक अंश पश्चिमेला. पूर्वेचा वजा करायचा, पश्चिमेचा मिळवायचा. नकाशावर पूर्वेकडे, म्हणजे ९० अंशांवर जायचं असेल तर डेटनहून होकायंत्रावर ९६ धरायचे. विसरलात तर ६० मैलांवर तुम्ही ठरल्या जागेपासून सहा मैल बाजूला. एका अंशाला एक मैल, हा वैमानिकांचा जुना ठोकताळा. मुंबईत हा फरक एका अंशाच्याही आत असल्यामुळे आपल्यापैकी कुणाला त्याची कधी फिकीर करावी लागलेली नसते. शिवाय हा फरक एका जागी बसत नाही, वर्षानुवर्षं सरकत राहतो. धावपट्टीला तिच्या चुंबकीय दिशेवरून क्रमांक देतात, त्यामुळे उत्तर सरकली की क्रमांक पुन्हा रंगवावे लागतात. फ्लोरिडातल्या टॅम्पा विमानतळावर २०११ मध्ये १८ च्या धावपट्टीची १९ झाली.

हे सरकणं मोजणाऱ्यांत आपलं अलिबाग आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. १ आणि २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरच्या स्फोटामुळे जे प्रचंड चुंबकीय वादळ झालं, त्याची मोलाची नोंद कुलाब्याच्या उपकरणांनी ठेवली. तिथे चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलं होतं. पुढे मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. विजेच्या ट्राममुळे सुया बिथरणार, म्हणून नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये सगळा पसारा खाडीपलीकडे अलिबागला हलवला. इमारत पोरबंदरच्या दगडाची, चुंबकाला प्रतिसाद देणारं काही तिच्यात नको म्हणून. मागच्या भारतवारीत बायकोला किनारा दाखवतो म्हणून मांडव्याच्या बोटीत बसवलं आणि थेट वेधशाळेच्या फाटकाशी नेऊन उभं केलं. बाहेरूनच पाहिली. तिला काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

पण पेपरातले सगळ्यात सुंदर प्रश्न याच्या पुढचे. पृथ्वी सुईला नुसती उत्तरेकडे ओढत नाही, खालीही खेचते. अलिबागला सुई तिशीच्या आतल्या कोनात खाली झुकू पाहते, ओहायोत साठ अंशांहून जास्त. विमानातल्या होकायंत्राची तबकडी द्रवात तरंगते, पाण्यात खोबऱ्याची वाटी तरंगावी तशी, त्यामुळे एरवी हे झुकणं लपून राहतं. विमान वळायला लागलं की ते उघडं पडतं. समजा, विमान उत्तरेकडे चाललं आहे आणि तुम्ही उजवीकडे, म्हणजे पूर्वेला वळायला लागलात. विमान उजव्या पंखावर कललं, तबकडीही कलली, तिची पूर्वेची बाजू खाली गेली. सुईच्या उत्तर टोकाला खाली जायचंच होतं. ते त्या बाजूला सरकतं. परिणाम असा की विमान पूर्वेला वळत असताना होकायंत्र सुरुवातीला पश्चिमेकडे वळल्याचं दाखवतं! दक्षिणेकडे जाताना वळलात, तर दिशा बरोबर दाखवतं, पण जरुरीपेक्षा जास्त घाईने. पूर्वेला किंवा पश्चिमेला जाताना वेग वाढवलात तर तबकडी उत्तरेकडे फिरते, कमी केलात तर दक्षिणेकडे. उत्तर-दक्षिण जाताना वेगाने काही बिघडत नाही. पेपरात हे चारही प्रकार वेगवेगळे मुखवटे घालून येतात, आणि प्रत्येक प्रश्नाची सुरुवात ‘उत्तर गोलार्धात’ अशी असते. ते दोन शब्द लोक वाचत नाहीत. दक्षिण गोलार्धात हे सगळं उलटं होतं, आणि चुंबकीय विषुववृत्तावर जवळजवळ नाहीसं होतं. ते विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं. केरळातल्या थुंब्याला १९६३ पासून अग्निबाण सोडले गेले, ती जागा निवडली ती त्याचसाठी. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, ‘म्हणजे केरळात हा प्रश्न विचारताच येणार नाही?’ त्या दिवसापासून त्यांचं घोकणं थांबलं.

वळण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर हफमन प्रेअरी नावाचं कुरण आहे. किटी हॉकच्या उड्डाणानंतर राइट बंधू तिथे सराव करत. २० सप्टेंबर १९०४ ला विल्बरने तिथे पहिल्यांदा पूर्ण वर्तुळ काढलं. हे डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलं ते एमस रूट या मधमाश्या पाळणाऱ्या गृहस्थाने, आणि छापलं मधमाश्यांविषयीच्या स्वतःच्या नियतकालिकात. मोठमोठ्या वर्तमानपत्रांना तेव्हा त्याची दखल घ्यावीशी वाटली नव्हती. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेतो. बहुतेकांना रिकामं गवत दिसतं.

बाकीच्या अभ्यासाबद्दल भरभर. हवामानाचे सांकेतिक अहवाल रोज सकाळी आपल्या गावचेच वाचावेत आणि खिडकीतून बाहेर बघून ताडून पाहावेत, महिन्याभरात जमतात. हवाई क्षेत्रांचे वर्ग कोऱ्या कागदावर स्वतः काढावेत. वजन आणि समतोल ही साधी बेरीज-गुणाकाराची गणितं. गरम दिवशी विमान उठायला का कुरकुरतं, हा प्रश्न येतोच. यासाठी एफएएची वैमानिकांसाठीची जाड हँडबुकं फुकट उतरवून घेता येतात. माझ्या मते ती महागड्या क्लासेसच्या व्हिडिओंपेक्षा सरस आहेत. वाऱ्याच्या गणितासाठी ई-सिक्स-बी नावाची गोल फिरती पट्टी वापरायला शिका. फिलिप डाल्टन या अमेरिकन आरमारातल्या माणसाने १९३० च्या दशकात ती घडवली. जुन्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेत मिस्टर स्पॉकच्या हातात तीच दिसते, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो आणि विशीतल्यांना स्पॉक कोण तेही सांगावं लागतं. इलेक्ट्रॉनिक ई-सिक्स-बी परीक्षेत चालते, पण वाऱ्याने विमान किती बाजूला ढकललं ते त्या चकतीवर पेन्सिलीने टिंब देऊन डोळ्यांना दिसतं. आकडा दाखवणाऱ्या पडद्यावर ते दिसत नाही.

निकाल तिथल्या तिथे मिळतो. कागदावर गुण असतात आणि चुकलेल्या विषयांचे सांकेतिक क्रमांक, प्रश्न नव्हे. ते विषय आधी शिक्षक पुन्हा शिकवतात आणि प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशी परीक्षक तोंडी विचारतात, तेव्हा काठावर पास होण्यात काही शहाणपण नाही. निकाल २४ महिने ग्राह्य असतो. ओहायोत डिसेंबर ते मार्च ढग इतके खाली असतात की उड्डाणाचे तास रद्दच होत राहतात. त्यामुळे आमच्याकडचे लोक दिवाळीनंतर पुस्तकं उघडतात, फेब्रुवारीत पेपर देतात आणि एप्रिलमध्ये विमानात बसतात. काकांना ३८ गुण मिळाले. चुकलेल्या दोनांपैकी एक रेखांशाचा.