कडा : सरहद्दीवरची बाजारपेठ

ट्रॅक्टरचा सुटा भाग हवा असो, मोठ्या डॉक्टरला दाखवायचं असो की लग्नाचा बस्ता बांधायचा असो, कड्याचा माणूस नगरची वाट धरतो. सातबारा मात्र बीडचा. आष्टी तालुक्यातल्या या गावाहून नगर पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि बीड त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब. गाडीला पाटी एमएच २३ ची, पण ती उभी असते एमएच १६ च्या गर्दीत. पोरं दहावीची परीक्षा संभाजीनगरच्या मंडळाची देतात, शेजारच्या नगर जिल्ह्यातली त्यांची मामेभावंडं पुण्याच्या मंडळाची. नगरचं आता अहिल्यानगर झालं आहे, पण बोलण्यात अजून ‘नगरला जाऊन येतो’ हेच चालतं.

नकाशावर अशी कडेची गावं दिसली की आपण ती मागास, दुर्लक्षित म्हणून बाजूला टाकतो. कड्याबद्दल मला ते मान्य नाही. तालुक्याचं ठिकाण आष्टी, कचेऱ्या तिथे. बाजार मात्र कड्याचा. तालुक्याची कृषी उत्पन्न बाजार समितीसुद्धा कड्याच्या नावाने ओळखली जाते. जिथे दोन मुलखांची हद्द भिडते तिथे देवाणघेवाण होणारच, आणि कड्याने पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं.

ही हद्द साधी नव्हती. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत कड्याच्या बाजूला निजामाचं राज्य होतं आणि पलीकडचा नगर जिल्हा मुंबई इलाख्यात. राज्य बदललं की जकात बदलायची. निजामाच्या करोडगिरी नाक्यांच्या आठवणी या पट्ट्यातल्या जुन्या घरांतून अजून निघतात. निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात स्टेट काँग्रेसची शिबिरं याच सरहद्दीच्या पलीकडे, नगर-सोलापूरच्या बाजूने उभी राहिली. त्याच्याही आधी, ११ मार्च १७९५ ला, मराठे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली ती खर्ड्याला, म्हणजे शेजारच्या जामखेड तालुक्यात. एवढा इतिहास अंगावरून गेला तरी लोकांच्या सोयरिकी कधी हद्द पाहून झाल्या नाहीत. देवही दोन्हीकडे वाटलेले आहेत. मच्छिंद्रनाथांची समाधी आष्टी तालुक्यातल्या सावरगावच्या मायंब्याला आणि कानिफनाथांची पाथर्डी तालुक्यातल्या मढीला. मढीच्या यात्रेला निघालेला माणूस आपण जिल्हा ओलांडतोय हे मनात आणत नाही.

पाण्याचीही एक हद्द इथे आहे, आणि ती राज्यांच्या हद्दींहून जुनी. बालाघाटाच्या डोंगररांगेमुळे बीड जिल्ह्याचं बहुतेक पाणी सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा यांच्यातून गोदावरीला मिळतं. आष्टी तालुक्याचा उतार उलटा आहे. कडी, मेहकरी यांचं पाणी सीनेत जातं आणि सीना भीमेला मिळते ती थेट सोलापूरच्या खाली, कुडलच्या संगमावर. हा उतार ध्यानात घेतला नाही तर इथलं पाण्याचं राजकारण उलगडत नाही. बीड पाण्यासाठी जायकवाडीकडे बघतं, आष्टी उजनीकडे. कृष्णा-मराठवाडा प्रकल्पाच्या २३.६६ टीएमसीपैकी पहिल्या टप्प्यात सात टीएमसी पाणी धरलं आहे, आणि त्यातला आष्टीचा वाटा १.६८ टीएमसी. हे पाणी उजनीतून उचलून खुंटेफळच्या साठवण तलावात आणायचं आहे. त्या कामाचा मोठा कार्यक्रम ५ फेब्रुवारी २०२५ ला झाला. पाणी शेताच्या बांधावर येईल तेव्हा खरं, असं लोक म्हणतात, आणि इतकी वर्षं वाट बघितलेल्या माणसांनी तसं म्हणणं रास्तच आहे.

तोवर भरवसा पावसावर. हा पर्जन्यछायेचा मुलूख. ज्वारी, बाजरी, तूर, उडीद ही इथली जुनी पिकं, आणि दुष्काळाची गणती १९७२ पासून सुरू होते. २०१३ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात तालुक्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या. माणसं जनावरांजवळ छावणीतच मुक्कामाला होती. दावणीची गाय विकली की घरात रोज येणारा दुधाचा पैसा बंद होतो. म्हणून शेतकरी स्वतः अर्धपोटी राहील, पण जनावर टिकवून धरील. कोरडवाहू शेतीला दुधाने दिलेला हा टेकू बाहेरच्या माणसाला चटकन दिसत नाही.

नगदी पीक म्हणजे कांदा. आडतीवर गोण्या उतरल्या की वक्कल, म्हणजे विक्रीचा ढीग, पडतं. व्यापारी मूठभर कांदा हातात घेतो, साल बघतो, जोड किती, डोंगळे किती हे नजरेनेच मोजतो, आणि बोली सुरू होते. गोल्टी वेगळी, मोठा माल वेगळा. हमाली, तोलाई वजा जाऊन हातात हिशेबाची पट्टी येते, आणि त्या पट्टीवर घरातला पुढचा खर्च ठरतो. कड्याला भाव पडला तर नगरच्या नेप्तीला गोण्या न्यायच्या, तिथेही पडला तर सोलापूर. सरहद्दीवर राहण्याचा हा फायदा. पण दिल्लीच्या एका आदेशापुढे तोही चालत नाही. २०२३ च्या ऑगस्टात कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क आलं, डिसेंबरात निर्यातबंदीच आली आणि ती उठली ४ मे २०२४ ला. या काळात चाळीत कांदा ठेवावा की मिळेल त्या भावाला काढावा, या एका निर्णयावर कित्येक घरांचं वर्ष अवलंबून होतं. शहरातल्या ग्राहकाला चार रुपये वाचावेत म्हणून ज्यांच्या खिशातून ते काढले, त्यांचा विचार त्या निर्णयात कुठे होता, हा प्रश्न मला अजून बोचतो.

बागायत थोडी, म्हणून दिवाळी सरली की आष्टी-पाटोद्याच्या वाड्यावस्त्या रिकाम्या होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना ‘कोयता’ म्हणून मोजतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. कड्यालाही सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता. तो चालत राहिला असता तर यातले काही कोयते तरी घराजवळ राबले असते. तो बंद पडल्याची हळहळ गावात अजून आहे.

शिक्षणात मात्र कडा पुढे गेलं, आणि त्याचं बरंच श्रेय बाजारपेठेला आहे. इथल्या व्यापारातल्या जैन समाजाने अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाच्या रूपाने शाळा आणि महाविद्यालय उभं केलं. आनंदराव धोंडे ऊर्फ बाबाजी महाविद्यालयही याच गावात आहे. दुष्काळी तालुक्यातल्या एका गावात दोन महाविद्यालयं असल्याने आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुलींना एसटीने येऊन पदवी घेता आली. पाससाठी स्टँडवर लागणारी रांग हे या गावाचं मोठं वैभव आहे, असं मी मानतो.

आणि रेल्वे. दौंड-मनमाड मार्गाने नगरला गाडी आली १८७८ मध्ये. तिथून पन्नास किलोमीटरवरच्या कड्याला ती पोचली २३ सप्टेंबर २०२२ ला, नगर-आष्टी गाडी सुरू झाली तेव्हा. मधे १४४ वर्षं गेली. नगर-बीड-परळी मार्गाला मंजुरी होती १९९५ सालची, खर्चाचा अंदाज ३५३ कोटींचा. २६१ किलोमीटरच्या या कामाचा आकडा पुढे ४,८०० कोटींच्या वर गेला. त्यातला निम्मा वाटा राज्याने उचलायचं ठरलं तेव्हा काम हललं. १६ ऑक्टोबर २०२३ ला आष्टीहून नगरकडे जाणाऱ्या गाडीचे पाच डबे जळाले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

गाडी बीडपर्यंत गेली १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. त्याच आठवड्यात कड्याने आणखी एक गोष्ट पाहिली. आष्टी तालुक्यात ढग फुटावा तसा पाऊस कोसळला, कडी नदी गावात शिरली आणि कडा परिसरात अडकलेल्या माणसांना लष्कराच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. जिथे छावण्या उभ्या राहायच्या, तिथेच ही वेळ आली.

पुरात पीक गेलं, ते पुढच्या हंगामात पुन्हा घेता येतं. माती गेली तर तसं होत नाही. नदीकाठची कित्येक रानं खरडून मुरूम उघडा पडला. अशा जमिनीसाठी सरकारने हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामं जाहीर केली. पण पैसे आले तरी माती आणायची कुठून? ती मिळते तलावांच्या तळात, गाळाच्या रूपाने, आणि तळ उघडा पडतो उन्हाळ्यात. म्हणजे चांगल्या पावसाने तलाव तुडुंब राहिले तर पाणी मिळतं पण गाळ मिळत नाही, आणि तलाव आटले तर गाळ मिळतो पण पेरायला पाणी नसतं. नदीकाठच्या शेतकऱ्याने कोणता तलाव कधी उतरतो, तिथला गाळ काळा आहे की चुनखडीचा, आणि ट्रॅक्टरच्या खेपेला डिझेल किती लागेल, याची चौकशी आधीपासूनच करून ठेवावी लागते.