देवराईचें रक्षण : आज्ञापत्र आणि सांप्रतचा कायदा

देवरायांच्या रक्षणाचा विषय निघाला म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा दाखला देण्याचा प्रघात पडला आहे. आमच्या मतें तो सयुक्तिक नाहीं. आरमाराकरितां आंबे-फणस तोडूं नयेत असें तेथें सांगितलें, तें रयतेनें तीं झाडें पुष्कळ वर्षें जोपासलीं म्हणून. तो प्रश्न मालकीचा होता. देवराईची राखण दैवताच्या धाकावर चाले. कौल मिळाल्यावांचून तेथील काटकीहि कोणी उचलीत नसे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत २००२ च्या दुरुस्तीनें ‘समुदाय राखीव’ हा प्रकार आला. त्यांत परंपरागत व सांस्कृतिक मूल्यांचें रक्षण हा हेतु स्पष्ट नमूद आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें राजस्थानांतील ओरणांस, म्हणजे तिकडील देवरायांस, हाच दर्जा देण्याची शिफारस केली. परंतु तो खाजगी वा सामुदायिक जमिनीसच मिळतो. ज्या देवराईच्या सातबारावर सरकारचें नांव आहे, तिला ‘संवर्धन राखीव’ हीच वाट. तेथें ग्रामस्थांशीं विचारविनिमय होतो, पुढाकार मात्र सरकारचा. म्हणूनच गुरवाच्या इनामाचे जुने कागद ज्या गांवीं शिल्लक असतील, तेथें ते सातबाराशीं प्रथम ताडून पाहिले पाहिजेत.