साच्यातील पत्र आणि माणसाचा मायना

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत ट्रस्टच्या पत्रव्यवहाराविषयी काही लिहावे, अशी चिटणिसांची सूचना आली तेव्हा आम्ही थोडे संकोचलो. स्मरणिकेत संस्थापकांच्या आठवणी असाव्यात, शिष्यवृत्ती घेऊन पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांचे अनुभव असावेत. संगणकावर पत्र कसे तयार होते हा विषय तेथे रुक्ष वाटेल, असे मनात आले. परंतु गेली काही वर्षे सभासदांना ई-मेलने जी पत्रे जातात त्यांचे साचे करण्याचे काम आमच्याकडे आहे, त्यात आमच्या हातून चुकाही घडल्या आहेत, आणि पुढे हे काम तरुण मंडळींनाच करावयाचे आहे. तेव्हा जे शिकलो ते मांडून ठेवावे, हे बरे.

जुन्या सभासदांना ट्रस्टची पोस्टकार्डे आठवत असतील. वर्गणी पोहोचल्याचे कार्ड चिटणीस स्वतः लिहीत. मजकूर प्रत्येकास जवळजवळ तोच. पण वर मायना आणि खाली एखादी ओळ निराळी असे. कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाचे आजारपण, कोणाकडचे लग्न, हे त्यांना ठाऊक असे. नोंदवही कपाटात होती, पण खरी नोंदवही त्यांच्या डोक्यात होती. आता सभासद बेळगावात आहेत तसे पुण्यामुंबईस आणि आखाती देशांतही आहेत. एवढी माणसे एका डोक्यात मावत नाहीत. म्हणून संगणकावरची नोंदवही आली.

नोंदवही आणि साचा

या प्रकारच्या नोंदवहीला सी.आर.एम. म्हणतात. पूर्ण नाव कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट, म्हणजे ग्राहकांशी असलेल्या संबंधांची व्यवस्था. नावावरूनच कळते की ही व्यापाऱ्यांची सोय. पुढे धर्मादाय संस्थांनाही ती हवीशी वाटली. आम्ही येथे उदाहरण घेतो ते सिव्हीसीआरएमचे. हा कार्यक्रम २००५ साली प्रथम प्रसिद्ध झाला. तो संस्थांसाठीच रचलेला आहे, मुक्त परवान्याचा आहे, आणि तो वापरण्याबद्दल परवाना शुल्क द्यावे लागत नाही. त्यात ग्राहकाच्या जागी सभासद, देणगीदार, स्वयंसेवक असतात. प्रत्येकाचे एक पान. त्या पानावर नाव, पत्ता, दिलेल्या देणग्या आणि पाठविलेली पत्रे.

साचा म्हणजे काय, हे आमच्या व्यवसायातील उदाहरणाने सांगतो. शाळा सोडल्याचा दाखला सर्वांनी पाहिला आहे. छापील मजकूर कायम, आणि मध्ये रिकाम्या जागा: विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, इयत्ता. ई-मेलचा साचा हुबेहूब तसाच असतो. रिकाम्या जागेच्या ठिकाणी महिरपी कंसात एक खुणेचा शब्द लिहावयाचा. त्यास टोकन म्हणतात. पत्र निघताना संगणक त्या सभासदाच्या पानावरून नाव उचलतो आणि टोकनच्या जागी ठेवतो. पाचशे सभासद असतील तर पाचशे पत्रे, प्रत्येकावर ज्याचे त्याचे नाव.

फरक एवढाच की, दाखला भरणारा कारकून भरताना पाहत असतो. मुलीच्या दाखल्यावर 'कुमार' शब्द आला तर तो खोडतो. संगणक पाहत नाही. म्हणून कारकुनाने जे ऐनवेळी सावरले असते ते साचा करणाऱ्याने आधीच सावरून ठेवले पाहिजे. या कामाचे सारे अवघडपण येथे आहे.

साचे दोन प्रकारचे असतात. पहिला, आपण बसून लिहितो आणि सवडीने पाठवतो त्या पत्रांचा: सभेची सूचना, सणाच्या शुभेच्छा, मदतीचे आवाहन. दुसरा, एखादी घटना घडताच आपोआप निघणाऱ्या पत्रांचा, उदाहरणार्थ देणगीची पावती. येथे नवख्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संकेतस्थळावरून आलेल्या देणगीची पावती आणि कचेरीत नोंदलेल्या देणगीची पावती यांचे साचे निराळे असतात. एक दुरुस्त केला म्हणजे दुसरा दुरुस्त होत नाही. पावतीचा साचा बिघडला तर घाबरू नये. मूळ साचा जपून ठेवलेला असतो आणि तो परत आणता येतो.

विभक्तीची अडचण

इंग्रजीत नाव कोठेही ठेवले तरी ते बदलत नाही. मराठीत तसे नाही. नावाला प्रत्यय लागला की नावाचे रूप पालटते. 'राधा' आणि 'ने' मिळून 'राधेने' होते, 'काळे' यांचे 'काळ्यांनी' होते. संगणकाला हे व्याकरण येत नाही. टोकनला 'ने' चिकटवला तर 'राधाने' आणि 'काळेने' अशी पत्रे जातात, आणि वाचणाऱ्यास हे पत्र कोणी माणसाने लिहिले नाही, असे तत्काळ समजते.

या अडचणीवरचा उपाय आपल्या जुन्या पत्रलेखनात तयार आहे. 'राजमान्य राजश्री अमुक यांस' हा मायना आमच्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या कागदांत पाहिला. त्यातील 'यांस' हा शब्द प्रत्ययाचा सारा भार आपल्यावर घेतो आणि नाव जसेच्या तसे राहते. 'राधा देसाई यांस', 'काळे यांनी', 'शेख यांचे'. साच्यात टोकननंतर नेहमी 'यांस, यांनी, यांचे' लिहावे, प्रत्यय कधी चिकटवू नये.

दुसरी अडचण लिंगाची. 'आपण सभेस आला होता' हे पुरुषास शोभते. स्त्रीस 'आल्या होत्या' म्हणावे लागते. परंतु 'आपण सभेस आलात' हे दोघांनाही चालते. तसेच 'आपण पाठविलेली देणगी पोहोचली' या वाक्यात क्रियापद देणगीप्रमाणे चालते, देणाऱ्याप्रमाणे नाही. क्रियापद कोणाप्रमाणे चालते, हे शाळेत कशाला शिकवतात, असे मुले विचारतात. त्यांना आम्ही आता हे उदाहरण देतो.

'प्रिय अब्दुल'

आता नावाविषयी. बहुतेक साचे 'प्रिय' या शब्दाने सुरू होतात आणि पुढे पहिल्या नावाचे टोकन असते. आम्हांस अनेक ठिकाणांहून अशी पत्रे येतात, आणि त्यांत आमचा उल्लेख 'प्रिय अब्दुल' असा असतो. ज्यांस अरबी येत नाही त्यांना यात काही वावगे दिसणार नाही. पण 'अब्दुल' हे पुरे नाव नव्हे. 'अब्द' म्हणजे सेवक, आणि 'उल' हे पुढील शब्दाशी जोडणारे अव्यय. अब्दुल रहीम म्हणजे दयाळू परमेश्वराचा सेवक. नुसते 'अब्दुल' म्हणजे 'चा सेवक'. कोणाचा, ते गळून गेले. आम्ही रागावत नाही, सवय झाली आहे. मात्र ट्रस्टच्या साच्याचे काम हाती आले तेव्हा हे प्रथम आठवले.

केवळ आमच्याच नावाचे असे नाही. या भागात कोणी आडनाव आधी लिहितो, कोणी गावाचे नाव जोडतो, कोणी फक्त आद्याक्षरे देतो. एखाद्या ऐंशी वर्षांच्या आजींना 'प्रिय शांता' म्हणणारे पत्र त्यांच्या नातवाने वाचून दाखवावे, हे आपल्या रीतीत बसत नाही.

सिव्हीसीआरएममध्ये यासाठी चांगली सोय आहे. प्रत्येक सभासदाच्या पानावर तीन निराळे रकाने असतात: ई-मेलमधील संबोधन, टपालाच्या पत्रातील संबोधन आणि पाकिटावरचे नाव. सर्वांसाठी एक नेहमीचा नमुना ठरवता येतो, आणि ज्याचे नाव त्या नमुन्यात बसत नाही त्याच्यापुरते संबोधन हाताने लिहिता येते. साच्यात पहिल्या नावाचे टोकन न ठेवता या संबोधनाचे टोकन ठेवावे. मग 'माननीय अब्दुल रहीम साहेब', 'आदरणीय शांताबाई', 'डॉ. डिसोझा' हे सारे एकाच साच्यातून निघतात. अभिवादन मात्र आम्ही सर्वांना एकच ठेवले आहे: सप्रेम नमस्कार. ते आम्हांस कधी परके वाटले नाही.

एक चूक

येथे एक प्रसंग सांगणे आमचे कर्तव्य आहे. एका वर्षी शिष्यवृत्तीच्या आवाहनाचे पत्र आम्ही फार मन लावून लिहिले. शेवटी 'आपणांस उदंड आयुष्य व आरोग्य लाभो, आणि आपला हात असाच विद्यार्थ्यांच्या पाठीवर राहो' असे वाक्य घातले. साचा तपासला, व्याकरण तपासले, पत्रे रवाना केली. आठवड्याने एक बाई कचेरीत आल्या. हातात त्याच पत्राची छापील प्रत होती. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "सर, ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. ट्रस्टनं तेव्हा हार पाठवला होता की."

खरेच पाठवला होता. हार नेणाऱ्यांत आम्हीही होतो. पण परत आल्यावर नोंदवही कोणी उघडली नव्हती. सभासदाच्या पानावर, हे गृहस्थ हयात नाहीत, अशी खूण करण्याची एक चौकट असते. ती खूण केली की सामुदायिक पत्रांतून ते नाव आपोआप वगळले जाते. एका खुणेचे काम होते. आम्ही बाईंची क्षमा मागितली. त्या चहा घेऊन गेल्या. त्यांनी शब्दानेही बोल लावला नाही, आणि त्यामुळे ते अधिक लागले.

त्या दिवसापासून आम्ही दोन नियम केले. पहिला, कोणाच्या घरी सुखाला किंवा दुःखाला ट्रस्टचा माणूस जाऊन आला की त्याच दिवशी नोंदवही उघडावयाची. दुसरा, साच्यात असे एकही वाक्य घालावयाचे नाही, जे समोरच्याची स्थिती ठाऊक असल्यावाचून बोलता येत नाही. आयुष्य, संतती, नोकरी, यात्रा यांविषयीच्या शुभेच्छा मोठ्या मनाने दिलेल्या असतात. पण त्या पाचशे घरांत एकदम जातात आणि त्यांतील एखाद्या घरात त्या बोचतात.

बाह्य रूप

पत्राच्या सजावटीविषयी थोडक्यात सांगतो. पुष्कळ संस्था सारे पत्र रंगीत चित्र करून पाठवतात. चित्रे बंद ठेवणाऱ्यास ते कोरे दिसते, आणि दृष्टिहीन सभासदाचा वाचक-कार्यक्रम ते वाचू शकत नाही. मजकूर मजकूर म्हणूनच जावा आणि तो युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या छपाईच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन उतरतो.

पत्राची रुंदी सुमारे ६०० पिक्सेल आणि रचना एका स्तंभाची ठेवावी. आउटलुकने २००७ साली पत्रे दाखविण्याचे काम वर्डच्या यंत्रणेकडे दिले, तेव्हापासून नाजूक नक्षी तेथे मोडते, असा सर्वत्र अनुभव आहे. जीमेल सुमारे १०२ किलोबाइटांहून मोठे पत्र मध्येच तोडते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह संगणकात ३ बाइट घेते. 'स्त्री' या एका अक्षरात सहा चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट. साध्या पत्रास याची भीती नाही, पण वर्डमधून मजकूर उचलून चिकटवला की त्यासोबत अदृश्य सजावटीचे ओझे येते. म्हणून मजकूर साधा करून मगच साच्यात घालावा.

पत्राच्या तळाशी ट्रस्टचा पत्ता आणि 'पत्रे नकोत' असे कळविण्याचा दुवा असलाच पाहिजे. सामुदायिक पत्रात सिव्हीसीआरएम या दोहोंची टोकने मागतेच. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनीही मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांना असा सोपा दुवा बंधनकारक केला आहे. कोणी तो दुवा दाबला तर राग मानू नये.

पाठविण्यापूर्वी

साचा झाला की तो प्रथम आपल्याच पत्त्यावर पाठवून पाहावा. आम्ही मोजक्या पानांवर तो तपासतो: एक फार लांब नावाचे, एक आद्याक्षरांचे, एक 'अब्दुल'चे, एक पतिनिधनानंतर सभासद झालेल्या बाईंचे, आणि एक असे की ज्यात निम्मे रकाने रिकामे आहेत. रिकाम्या रकान्यावर टोकन काहीच ठेवत नाही आणि नमस्कारापुढे नुसता स्वल्पविराम लोंबकळतो. नाव नसेल तेथे 'सन्माननीय सभासद' यावे, अशी अट साच्यात घालता येते. ती घालावी. मग प्रत्येक पत्र मोठ्याने वाचावे. डोळ्यांना न दिसलेली चूक कानाला सापडते. निबंध तपासताना आम्ही हेच करतो.

शेवटी सभासदांना आमची एक विनंती आहे. आपणांस कसे संबोधलेले आवडेल, ते आम्हांस कळवा. पत्ता बदलला, घरात नवे माणूस आले किंवा कोणी गेले, तर कचेरीत येऊन सांगा, अथवा कोणाहाती निरोप धाडा. जुने चिटणीस हे सारे मनात ठेवीत. आम्हांस ते लिहून ठेवावे लागते, आणि आपण सांगितल्याशिवाय ते लिहिता येत नाही. त्या बाई आता स्वतः सभासद आहेत. त्यांच्या पानावरील संबोधन आम्ही त्यांना विचारून, हाताने लिहिले आहे.