लेबलवरचा फोटो फाटतो का? आधी साइझ समजून घ्या

समजा, घणसोली गावात तुम्ही घरी आगरी मसाला बनवता, सुका बोंबील, सुकट पॅक करून विकता. माल एक नंबर. मोबाईलवर फोटोही छान दिसतो. पण लेबल छापून आलं की बरणी धूसर! पाचशे लेबलं छापून झाल्यावर हे कळलं तर पैसे गेलेच. म्हणून छपाईच्या आधी पाच मिनिटं द्या.

पिक्सेल म्हणजे काय?

डिजिटल फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. एकेक ठिपका म्हणजे पिक्सेल. ४०००×३००० चा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. फोटो लहान केला की ठिपके कमी होतात, ते चालतं. पण लहान फोटो मोठा केला तर सॉफ्टवेअर मधले ठिपके अंदाजाने भरतं. खरा तपशील परत येत नाही, म्हणून फोटो फाटतो.

किती पिक्सेल लागतात?

चांगल्या छपाईसाठी एका इंचाला साधारण ३०० पिक्सेल धरायचे. हिशोब सोपा आहे:

- ४×३ इंची लेबल: १२००×९०० पिक्सेल
- ३.५×२ इंची व्हिजिटिंग कार्ड: १०५०×६०० पिक्सेल
- इन्स्टाग्रामची चौकोनी पोस्ट: १०८०×१०८० पिक्सेल (इथे इंचाचा संबंध नाही)

आता ६४० पिक्सेल रुंदीचा फोटो ४ इंचांवर छापला तर इंचाला १६० च मिळतात. धूसर येणारच. दुकानावरचा फ्लेक्स लांबून बघतात, तिथे इंचाला कमी पिक्सेल असले तरी भागतं. लेबल मात्र गिऱ्हाईक हातात घेऊन वाचतं.

गिम्पमध्ये कसं करायचं?

गिम्प हे सॉफ्टवेअर मोफत आहे.

१. मूळ फोटोची कॉपी करा आणि कॉपीच उघडा.
२. आकाराचं प्रमाण वेगळं असेल तर आधी क्रॉप करा. आडवा फोटो नुसता ओढून चौकोनी केला तर बरणी चेपलेली दिसते.
३. 'इमेज' मेनूत 'स्केल इमेज' निवडा. युनिट पिक्सेलच ठेवा.
४. रुंदी-उंचीच्या शेजारी साखळीचं चिन्ह असतं. ती जोडलेली हवी. मग रुंदी टाकून टॅब दाबा, उंची आपोआप बदलते.
५. 'स्केल' दाबा.
६. 'फाइल' मेनूतून 'एक्सपोर्ट ॲज' करून जेपीजी बनवा. नुसतं 'सेव्ह' केलं तर गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल तयार होते.

फोटोशॉप असेल तर हेच काम 'इमेज' मेनूतल्या 'इमेज साइझ' मध्ये होतं.

सगळ्यात महत्त्वाचं

मूळ फोटोला कधीच हात लावायचा नाही. 'मूळ', 'छपाई' आणि 'सोशल मीडिया' असे तीन फोल्डर करा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो. म्हणून प्रेसवाल्याला फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा पेन ड्राइव्हवर द्या. आणि पूर्ण ऑर्डर देण्याआधी एकच लेबल छापून बरणीवर चिकटवून बघा.

आजचा गृहपाठ: तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या मालाचा मूळ फोटो शोधा, त्याची रुंदी बघा आणि ३०० ने भागा. जेवढं उत्तर येईल, तेवढ्या इंचांपर्यंत तो बिनधास्त छापा!