शीर्षकाची एक ओळ

सकाळचे पावणेआठ. डोंबिवली पूर्वेचा जिना वरपासून खालपर्यंत ओला आहे. मिटलेल्या छत्र्या ठिबकतायत, पुढचीच्या पिशवीवर, मागचीच्या चपलेवर. फलाटावर महिला डब्याच्या खुणेपाशी चार-पाच रांगा. माझ्या पुढे एक मुलगी. पाठीची सॅक तिनं पोटाशी घेतलीय आणि सॅकवर, जाड प्लास्टिकमध्ये, एक फाइल. हात फाइलवरून हटत नाही.

प्लास्टिकमधून मथळा वाचता येतो. प्रोजेक्ट प्रपोजलच्या मंजुरीचा प्रोफॉर्मा. जुलै महिना आहे. बीएस्सी आयटीच्या टीवायची, म्हणजे शेवटच्या वर्षाची, मुलं या दिवसांत असा एकेक कागद कोरडा ठेवण्याची धडपड करत हिंडतात.

गाडी येते. चढायचं आपण ठरवत नाही, चढवले जातो. आतली हवा दमट, खिडक्या पावसामुळे अर्ध्या ओढलेल्या. पंखे फिरतात, वारा वरच्या वर राहतो. कोपर जातं, दिवा येतं. दाराजवळ दोन मैत्रिणी बोलतायत.

“टॉपिक काय टाकलास?”

“हॉटेल मॅनेजमेंट. नाहीतर लायब्ररी. दोन्ही टाइप करून ठेवलेत.”

“विचारलं तर?”

“दादाचं ब्लॅक बुक आहे ना घरी.”

फाइलवाली मुलगी ऐकते, बोलत नाही. मुंब्र्याच्या डोंगरावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरतायत. सगळा डबा क्षणभर तिकडे बघतो. मग कळवा, खाडीचा पूल, ठाणं. अंतर सुमारे चौदा किलोमीटर. घामानं मात्र मुंबई गाठल्यासारखं वाटतं.

ठाणे पश्चिमेला उतरून गोखले रोडच्या बाजूच्या गल्लीत शिरते. झेरॉक्सचं दुकान उघडलंय. चार हात रुंद जागा, त्यात दोन मशीन, एक संगणक आणि काउंटरला टेकलेली सात-आठ मुलं. मशीनच्या गरम शाईचा वास बाहेर पायरीपर्यंत येतो. “काका, पेनड्राइव्ह उघडत नाहीये.” “काका, फॉन्ट बदलला सगळा.” काका मान वर न करता विचारतात, “टाइम्स न्यू रोमन बाराच ना?” त्यांना नियम तोंडपाठ आहेत. मागच्या फळीवर गेल्या वर्षीची ब्लॅक बुकं, म्हणजे बांधलेले प्रोजेक्ट रिपोर्ट, नमुना म्हणून ठेवलीत. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. एका मुलाचं लक्ष पुन्हा पुन्हा तिकडे जातं. त्या सोनेरी अक्षरांपर्यंत पोचायला त्याला अजून आठ-नऊ महिने आहेत. आज हातात एकच पान.

कॉलेज जुनं आहे. तिसऱ्या मजल्यावर लॅब, लॅबबाहेर पॅसेज, पॅसेजमध्ये रांग. मी इथलीच माजी विद्यार्थिनी. आता सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते आणि वर्षातून एक दिवस प्रस्ताव ऐकायला येऊन बसते. लॅबमध्ये मशीनसाठी एसी आहे, पॅसेजमध्ये माणसांसाठी दोन पंखे. साठेक मुलं भिंतीला पाठ लावून बसलीत. ओल्या सॉक्सचा वास, वडापावचा वास, कुणीतरी मारलेल्या डिओचा वास.

प्रोफॉर्मा साधाच. पीएनआर नंबर, रोल नंबर. विद्यार्थ्याचं नाव, प्रोजेक्टचं शीर्षक, गाइडचं नाव, गाइडचा शिकवण्याचा अनुभव. हे पहिलंच सादरीकरण आहे का, हो की नाही. खाली तीन सह्या : विद्यार्थी, गाइड, कोऑर्डिनेटर. अपुरा भरलेला कागद थेट नाकारला जाईल, हे वर कंसात छापलेलं. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत मुलं वर्षानुवर्षं हा कागद भरत आली आहेत. शीर्षकाला जागा एका ओळीची.

या ओळीवर पुढचं सगळं उभं राहतं. पाचव्या सत्रात चार प्रकरणं : प्रस्तावना, तंत्रज्ञानांचा आढावा, गरजा आणि विश्लेषण, रचना. सहाव्यात उरलेली तीन आणि चालणारं सॉफ्टवेअर. पॅसेजमध्ये एक मुलगी फूटपट्टीनं चौकोन आणि शंकरपाळे काढत बसलीय. ईआर डायग्रॅम. पीटर चेन यांनी १९७६ साली ही पद्धत मांडली, तेव्हा या मुलीची आईसुद्धा बहुधा शाळेत गेली नसेल. शंकरपाळ्यात ती लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. रबराचा भुगा फुंकरीनं उडवते.

आत मॅडम बसल्यात. समोर स्टीलचा डबा, झाकण उघडलेलं, पोळी तशीच.

“हे कोण वापरणार?” प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच.

“हॉटेल, मॅडम.”

“कुठलं?”

मुलगा गप्प. मॅडम रागावत नाहीत. “कल्याणला राहतोस ना? स्टेशनबाहेर पडलं की किती हॉटेलं लागतात? एकात जाऊन बस. चहा घे. गल्ल्यावरचा माणूस वहीत काय लिहितो, ते बघ. मग ये.”

कागद सहीशिवाय परत जातो. मुलाचा चेहरा पडतो आणि माझ्या पोटात कालवतं. बारा वर्षांपूर्वी याच टेबलापुढे माझ्या कागदावर ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम’ लिहिलेलं होतं. मी एकाही हॉस्पिटलच्या केसपेपरच्या खिडकीपाशी उभी राहिले नव्हते. तरी सही मिळाली. मार्कही मिळाले. त्या प्रोजेक्टमधलं आज मला काहीही आठवत नाही आणि याची मला खरोखर खंत आहे. वीस-एकविसाव्या वर्षी एखाद्या माणसाच्या कामाशेजारी बसून ते समजून घेण्याची संधी समोर आली होती. मी ती टाइप करून संपवली.

पुढचा मुलगा चेहरा ओळखून हजेरी लावणार आहे. “चेहरे कुणाचे?” “वर्गाचे.” “विचारलंस त्यांना?” २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, तो वाचून ये, असं मॅडम सांगतात. त्याच्यामागचा मुलगा कल्याण-शीळ रस्त्यावरच्या सोसायटीत राहतो. पाण्याचे टँकर येतात, नोंद वॉचमनच्या वहीत, आणि महिनाअखेर बिलावरून भांडण. त्यानं त्या वहीच्या पानांचे फोटो आणलेत. मॅडम फोटो मोठे करून बघतात. सही होते. दोन मिनिटांत.

बारा वाजून गेलेत. बाहेर पाऊस वाढलाय. फाइलवाली मुलगी आत येते. प्लास्टिक काढते, कागद ठेवते. कोपरा ओला नाही.

शीर्षक इंग्रजीत आहे, मॅडम मोठ्यानं वाचतात. पोळीभाजी केंद्रासाठी ऑर्डर आणि मागणीच्या अंदाजाची प्रणाली.

“कुणाचं केंद्र?”

“आईचं. डोंबिवलीला.”

“ऑनलाइन पेमेंट घातलं नाहीस?”

“नको, मॅडम. रोख देतात, नाहीतर क्यूआर आहे. तिथे काही अडत नाही.”

“मग अडतं कुठे?”

“कणीक किती भिजवायची हे दुपारी चारला ठरवावं लागतं. गिऱ्हाईक सातनंतर गाडीनं येतं.”

खोलीत एसीचा आवाज तेवढा राहतो. मुलगी सॅकमधून दोनशे पानी वही काढते. चौदा दिवसांच्या नोंदी. तारीख, लाटलेल्या पोळ्या, खपलेल्या, उरलेल्या, पाऊस, गाड्या वेळेवर की उशिरा. कुर्ला-शीवला पाणी भरलं त्या दिवसाला तिनं लाल शाईनं गोल केलाय. त्या रात्री बावन्न उरल्या होत्या.

ठाण्याला गाडी आली १६ एप्रिल १८५३ ला, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. आज या पट्ट्यातलं स्वयंपाकघर गाडीच्या वेळेवर चालतं. ते कुणी चौकटी आखून वहीत मांडलेलं मी पहिल्यांदाच बघतेय.

मॅडम वही मिटतात. पेन उचलतात, पुन्हा ठेवतात.

“आईला हे हवंय का? विचारलंस?”

मुलगी खाली बघते.

“विचार. सोमवारी अकराला ये.”

जिन्यात ती मला गाठते. “ताई, तुम्ही सकाळी माझ्या मागेच होतात. डोंबिवलीच्याच ना? संध्याकाळी येता का? आईला मला नीट सांगता येणार नाही.”

साडेसात. पूर्वेला रिक्षांची रांग भिंतीला वळसा घालून गेलीय. फडके रोड मागे टाकून एका गल्लीत वळलं की तव्याचा वास आधी येतो, पाटी नंतर दिसते. एका गाळ्यात तीन बायका. एक लाटतेय, एक भाजतेय. तिसरी, मुलीची आई, पोळ्या मोजून कागदात गुंडाळतेय. फोन वाजतो. पिठाच्या हातानं तो उचलता येत नाही, म्हणून कोपरानं स्पीकर लावते. “दहा पोळ्या, एक भेंडी, अर्ध्या तासात.” खिळ्याला टांगलेल्या डायरीत दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल आहे. मुलगी ती घेऊन लिहिते. प्रोजेक्टच्या भाषेत याला सध्याची प्रणाली म्हणतात.

काउंटरपुढे आठ-दहा माणसं. ऑफिसच्या बॅगा, भिजलेल्या पँटा, दमलेले खांदे. कुणी घाई करत नाही. तव्याची ऊब रस्त्यापर्यंत येते.

गर्दी जरा ओसरल्यावर मुलगी विचारते. “आई, फोनमध्ये एक अ‍ॅप केलं, सगळ्या ऑर्डरी त्यात आल्या, तर?”

आई पदरानं कपाळ टिपते. “फोन हातात धरायला हात कुठे रिकामे असतात?”

मुलगी माझ्याकडे बघते. मी काही बोलत नाही.

आई पुढची चवड मोजते. दहा, वीस. मग थांबून म्हणते, “मला एकच आकडा हवाय. आज किती लाटायच्या. साडेतीनला. भिंतीवर मोठा दिसला पाहिजे, चष्मा न लावता. तेवढं होईल का गं?”

मुलगी फाइल काढते. काउंटरचा पिठाचा कोपरा हातानं पुसते, तिथे प्रोफॉर्मा ठेवते आणि शीर्षकावर एक आडवी रेघ मारते. कोरी प्रत सोमवारी गोखले रोडच्या गल्लीत मिळेल, दोन रुपयांत. सध्या ती मागच्या बाजूला लिहितेय, दोऱ्याच्या पेन्सिलीनं, मराठीत.

नऊ वाजून गेलेत. भाजणारीनं शेगडी बंद केलीय. मुलगी चवड मोजते आणि वहीत लिहिते : पाऊस जोराचा, गाड्या वीस मिनिटं उशिरा, उरल्या सतरा.