सातासमुद्रापारची इर्जिक

वाचकहो, नांगरट मागे पडलेल्या शेतकऱ्याच्या बांधावर एखाद्या सकाळी शेजारपाजारची औते येऊन उभी राहत. मजुरी कुणी मागत नसे. दिवस मावळेपर्यंत रान नांगरून होई आणि रात्री त्या घरी सर्वांची पंगत बसे. ही इर्जिक तुमच्या घरातल्या थोरामोठ्यांनी पाहिली असेल. ट्रॅक्टर आले तशी ती कमी झाली. आज सांगतो आहे ती इर्जिक कुंभारांची आहे. तिचे एक टोक इंग्लंडात आहे, दुसरे जपानात.

१९२० सालची गोष्ट. बर्नार्ड लीच नावाचा इंग्रज अकरा वर्षे जपानात राहून कुंभारकाम शिकला आणि मायदेशी परतायला निघाला. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला सेंट आइव्हज हे समुद्रकाठचे कोळ्यांचे गाव आहे. तिथे त्याला कारखाना काढायचा होता. पण जपानी पद्धतीची भट्टी तिकडे कुठून मिळणार? विजेची लहान भट्टी असती तर खोक्यात नीट बांधून जहाजावर चढवता आली असती. ही तर हजारो विटांची, उतारावर बांधायची. ती उचलून नेता येत नाही. तेव्हा शोजी हामादा हा पंचविशीतला जपानी कुंभार लीचबरोबर स्वतःच निघाला. भट्टी अशी त्या दोघांच्या डोक्यातून समुद्रापार गेली. पाश्चात्त्य देशांतली त्या जातीची ती पहिली भट्टी.

ही भट्टी कशी असते ते पाहा. उतारावर एकीवर एक अशा कमानीच्या खोल्या बांधतात. सर्वांत खाली चूल. खालच्या खोलीतली धग वाया न जाता वरच्या खोलीत शिरते आणि तिथला माल आधीच तापवून ठेवते. मग बाजूच्या भोकांतून बारीक लाकूड सारत एकेक खोली पक्की भाजतात. आपल्या गावच्या आव्यात साधारण ७०० ते ९०० अंश उष्णता होते. तिथे ती १,२०० अंशांच्याही वर न्यावी लागते, तेव्हा कुठे लोणच्याच्या बरणीसारखी झिलई वितळून भांड्यावर बसते. आग रात्रंदिवस सांभाळायची असल्याने पाळ्या लावाव्या लागतात. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हेच.

सेंट आइव्हजची पहिली भट्टी फार टिकली नाही. मग जपानातल्या जुन्या कुंभार घराण्यातला त्सुरुनोसुके मात्सुबायाशी तिथे आला आणि त्याने ती नव्याने बांधून दिली. ती पुढे १९७० च्या दशकापर्यंत पेटत राहिली.

हामादा १९२३ च्या अखेरीस मायदेशी निघाला आणि पुढे टोकियोच्या उत्तरेकडच्या माशिको गावी स्थिरावला. या गावात १८५३ पासून पाण्याचे रांजण, लोणच्याच्या बरण्या, चहाच्या किटल्या अशी रोजच्या वापरातली भांडी होत आली होती. हामादानेही गावची माती आणि गावची झिलई सोडली नाही. त्याच्या हाताने माशिकोचे नाव जगभर गेले. जपान सरकारने १९५५ साली त्याचा मोठा सन्मान केला. १९७८ साली तो वारला.

मग ११ मार्च २०११ चा दिवस उजाडला. जपानच्या ईशान्येला महाभयंकर भूकंप झाला. माशिको समुद्रापासून आत, त्यामुळे लाट तिथवर पोचली नाही. पण जमीन हादरली आणि भट्ट्यांच्या कमानी कोसळल्या. कमान विटेला वीट रेटून उभी असते. एक वीट निसटली की पुढची बसते. हामादाची जुनी भट्टीही मोडली.

ऐन पेरणीच्या तोंडावर बैल गेला तर काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. कुंभाराची भट्टी पडली की तसेच होते. माती आहे, चाक आहे, हातात कसबही आहे. पण भाजल्यावाचून मडके म्हणजे वाळलेला चिखल. पावसात सोडले तर विरघळून जाईल.

ही खबर सेंट आइव्हजला पोचली. नव्वद वर्षांपूर्वी ज्या गावाला जपानी हातांनी भट्टी बांधून दिली होती, त्या गावच्या लीच पॉटरीने माशिकोच्या कुंभारांसाठी मदतनिधी उभारला. देणारे आणि घेणारे यांतल्या बहुतेकांनी एकमेकांची तोंडेही पाहिली नव्हती. ओळख होती ती एका भट्टीची.

माशिकोत हामादाची भट्टी दुरुस्त झाली. २०१५ साली तिथल्या कुंभारांनी आपापली भांडी आणून तिच्यात रचली आणि सर्वांनी मिळून ती पेटवली. एरवी हे लोक बाजारात एकमेकांशेजारी दुकान मांडणारे. त्या दिवसांत मात्र आग एकच होती. एकाची पाळी चुकली असती तर सर्वांचाच माल कच्चा राहिला असता.

वाचकहो, तुमच्या गावात अजून एखादे कुंभाराचे घर असेल. घटस्थापनेचा घट आणि संक्रांतीची सुगडे त्याच घरातून येत असतील. अवकाळी पाऊस जसा तुमच्या खळ्यावर येतो, तसाच त्याच्या उघड्यावर वाळत घातलेल्या कच्च्या मालावरही येतो. पुढच्या खेपेला आभाळ भरून आले, की आपले खळे झाकून झाल्यावर त्याच्या अंगणाकडेही एक फेरी मारा. ताडपत्रीचे दुसरे टोक धरायला त्यालाही माणूस लागतो.